गावाचं लाकूड

आमच्या घरात एक लाकूड होतं आणि ते आमचं नव्हतं. गोठ्यावरच्या माळ्यावर, भिंतीच्या कडेला, रिकाम्या पोत्यांखाली ते आडवं ठेवलेलं असायचं. ऐनाच्या झाडाचा ओंडका, जड, सावकाश जळणारा, दोन माणसांनी उचलावा असा. आई त्याला 'गावाचं लाकूड' म्हणायची. गावातल्या प्रत्येक घराच्या माळ्यावर असं एक लाकूड असे, आणि पावसाळ्यात गावात जो कोणी मरेल त्याच्या सरणासाठी ते असे.

आमचं गाव मळवली स्टेशनवरून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, इंद्रायणीच्या काठाला आहे. पावसाळ्यात या पट्ट्यात कोरडं काही राहत नाही. मिठाला पाणी सुटतं, काडेपेटी चुलीजवळ ठेवावी लागते, ट्रंकेत घडी करून ठेवलेल्या कपड्यांना बुरशी येते. रानात लाकूड भरपूर पडलेलं असतं, पण ते पेटत नाही. अशा दिवसांत माणूस गेला तर त्याला जाळायचं कशानं, या प्रश्नाचं गावानं काढलेलं उत्तर म्हणजे माळ्यावरचं लाकूड. ते उन्हाळ्यात वाळवून मृगाच्या आधी वर चढवलेलं असायचं. मरण झालं की प्रत्येक घर आपापला ओंडका दाराबाहेर आणून ठेवायचं. कोणी मागायला येत नसे. पुरुष माणसं बैलगाडी घेऊन दारोदार फिरत, ओंडके गाडीत टाकत आणि नदीवर नेत.

या लाकडाचे नियम होते. ते चुलीत घालायचं नाही, घरातलं सरपण संपलं तरी. त्यावर बसायचं नाही, ओली कापडं टाकायची नाहीत. दिलं की पुढच्या उन्हाळ्यात दुसरं आणून ठेवायचं. ज्या घरात मरण झालं त्या घरानं आपलं लाकूड काढायचं नाही. आपलं दुसऱ्यांसाठी असतं, आपल्याला दुसऱ्यांचं येतं. आणि गावात कोणी अंथरुणाला खिळलेलं असेल तेव्हा लाकडाचं नावही काढायचं नाही. तुमच्याकडे आहे का, वाळलंय का, असं कोणी कोणाला विचारायचं नाही. जिवंत माणसाच्या सरणाची चौकशी करणं म्हणजे त्याला घाई करणं, असं मानलं जाई.

हा शेवटचा नियम माझ्या आईच्या वेळी नडला.

त्याआधी शेजारच्या घराचं सांगायला हवं. मी शाळेत असताना त्या घरानं एका मयताला सावरीचं लाकूड दिलं होतं. सावरीचं लाकूड हलकं, भुसभुशीत. भसकन पेटतं आणि तसंच संपतं. ओंडका गाडीत पडला तेव्हा त्याचा आवाजच वेगळा आला आणि ते साऱ्या गावाच्या लक्षात आलं. त्या दिवसापासून त्यांना 'सावरीवाले' हे नाव पडलं. चिडवणाऱ्यांत आई पुढे होती. शेजारची म्हातारी पाण्याला निघाली की आई ओट्यावरून विचारायची, "काय गं, हांडा बी सावरीचाच हाय का? लय हलका दिसतोय."

म्हातारी थांबायची. "तुज्या येळंला देते की ऐनाचा. मंग तर झालं?"

"दे बाई. मी वरनं बघंन, बरं का."

त्या हसत होत्या की भांडत होत्या, हे मला त्या वयात कळत नसे. दुसऱ्या दिवशी दोघी एकाच खाचरात भाताची रोपं लावायला, आवणीला, वाकलेल्या दिसायच्या.

या गावाविषयी मला माया आहे. का, असं कोणी विचारलं तर मी कारणं देऊ शकते: भातात पाणी उभं राहिलं की येणारा वास, स्टेशनच्या बाकावर दप्तर उशाला घेऊन लोणावळ्याच्या गाडीची वाट पाहणं, विसापूर किल्ल्याच्या बाजूनं खाली उतरणारं धुकं. पण ही कारणं आजूबाजूच्या कोणत्याही गावाला लागू पडतील. म्हणून लाकडाचं सांगते. ते दुसरीकडे कुठे असल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

मी पुढे पुण्यात एका वर्तमानपत्रात उपसंपादक झाले आणि लग्न करून लोणावळ्यात राहायला गेले. दर पावसाळ्यात माझ्या टेबलावर तीच बातमी यायची: वर्षाविहारासाठी पर्यटकांची गर्दी, द्रुतगती मार्गावर वाहनांच्या रांगा, धबधब्यांचा परिसर फुलला. मी 'फुलला' काढायचे आणि बातमी छपाईला सोडायचे. निधनाच्या बातम्यांतून 'शोकाकुल वातावरणात' काढायचे. त्याच वर्षांत गावातली नदीकडची खाचरं विकली गेली. तिथे बंगले उभे राहिले. ज्यांनी जमिनी विकल्या त्यांच्यातलेच काही त्या बंगल्यांवर केअरटेकर म्हणून लागले. माझा चुलतभाऊ अशा एका बंगल्याची लॉन कापतो. तिथे पूर्वी त्याचं भाताचं आवण असायचं. घराघरात गॅस आला. कौलं जाऊन स्लॅब पडले. कौलांबरोबर माळे गेले. माळ्यावरचं लाकूड कुठे गेलं, याची चर्चा झाल्याचं मला आठवत नाही.

चर्चा व्हावी असा प्रसंगही आला नाही. मधल्या काळात गावातली जी माणसं गेली त्यांतली काही उन्हाळ्यात गेली, काही दवाखान्यात. दवाखान्यातून त्यांना परस्पर लोणावळ्याच्या किंवा तळेगावच्या स्मशानात नेलं गेलं. आमचं घर मात्र जुनंच राहिलं, कारण आईनं त्याला हात लावू दिला नाही. चुलतभाऊ आणि त्याची बायको तिच्याबरोबरच राहत. तिचं लाकूडही माळ्यावर होतं. दर उन्हाळ्यात ती चुलतभावाला ते खाली काढायला लावायची, अंगणात उन्हं द्यायची आणि परत वर चढवायला लावायची. तो कुरकुरायचा. "काकी, आता कोण इचारतंय याला?"

"तू नको इचारू. तू उचल."

आषाढात आईच्या पायांवर सूज आली आणि तिला झोपून श्वास घेता येईना. मी तिला लोणावळ्याला आणलं. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, औषधं देतो, फार धावपळ करू नका. धावपळ करू नका, याचा अर्थ मला कळला. आईलाही कळला असावा, कारण घरी आल्यावर तिनं विचारलं, "हितनं म्हसणवाटा किती लांब हाय?"

माझा नवरा लोणावळ्यातच वाढलेला. सरळ माणूस. तो म्हणाला, "आई, असं का बोलताय?" मग स्वयंपाकघरात येऊन मला हळूच म्हणाला, "वेळ आलीच तर इथलं स्मशान पाच मिनिटांवर आहे. वर छप्पर आहे, पावसाचा प्रश्न नाही. गावाला आत्ता केवढं पाणी असेल." त्यात चूक काही नव्हतं.

आईला कमी ऐकू यायचं, पण नको ते ऐकू यायचं. संध्याकाळी मी तिचे केस विंचरत असताना ती म्हणाली, "बाय, त्या भट्टीत घालू नका मला."

"भट्टी नाही गं. लाकडंच असतात तिथेही."

"कुणाची?"

"म्हणजे?"

"लाकडं कुणाची असत्यात?"

मी म्हटलं, ठेका दिलेला असतो. वखारीतून येतात.

तिनं मान हलवली. "मी समद्यांला दिलंय. तुझ्या बापाच्या वक्ताला समद्या घरनं आलं व्हतं. मला वखारीचं कशाला? मला गावाला ने."

तिला नेमकं काय हवं होतं ते मी नीट लिहिते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आपल्याला गावात मरण यावं, एवढीच तिची इच्छा नव्हती. घराघरातून एकेक लाकूड येऊन तिचं सरण रचलं जावं, हे तिला हवं होतं. तिनं आयुष्यभर दुसऱ्यांसाठी जे केलं, ते एकदा तिच्यासाठी व्हावं. तिला देवाधर्माचं फार नव्हतं. हे तेवढं होतं.

मी तिला गावाला नेलं. नवऱ्यानं गाडी काढली आणि एका शब्दानंही विरोध केला नाही.

गावात आल्यावर ती दोन-तीन दिवस बरी झाल्यासारखी वाटली. तिची खाट आम्ही गोठ्याच्या अलीकडच्या खोलीत टाकली होती. गोठ्यात गुरं नव्हती, चुलतभावाची मोटारसायकल होती. खाटेवरून माळा दिसायचा. पहिल्या सकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा ती वरच बघत होती. पोत्याखालून ओंडक्याचं टोक दिसत होतं.

"हाय," ती म्हणाली. आणि चहा प्यायली.

रोज संध्याकाळी आबा येऊन बसायचे. गावात आता आबा म्हणावं असा तो एकच माणूस उरला आहे. पूर्वी नदीवर सरण रचायला तेच पुढे असायचे. ते येऊन खाटेशेजारी लोखंडी खुर्चीवर बसायचे आणि आई त्यांची चेष्टा करायची. "आबा, तुमी माझ्या आदी जायाला पायजे व्हतं. नंबर लावला व्हता ना?"

"नंबर तुजाच आदी लागला. मी म्हागं सरलो. बाईमाणूस म्हनलं, जाऊ द्या फुडं."

आई हसायची, मग खोकायची, मग मी तिला बसती करायचे.

त्या दिवसांत मी गावातून फिरले. आईला भेटून गेलेल्यांच्या घरी जावं लागे. सवयीनं मी बघत होते. फरशी, स्लॅब, टीव्ही, भिंतीतलं कपाट. एका घरात माळा होता, पण तिथे तंबू ठेवले होते. त्या घरातला मुलगा पवना धरणाच्या बाजूला कॅम्पिंगचं काम करतो. लाकूड मला कुठेच दिसलं नाही. कोठीत असेल, मागच्या पडवीत असेल, असं मी धरून चालले. मग वाटलं, विचारावं. माझं आयुष्य विचारण्यात गेलं. पूल कोसळला तर किती वाजता, कोणी पाहिलं, दुसरा साक्षीदार आहे का.

घरी येऊन मी चुलतभावाच्या बायकोला म्हटलं, "गावात लाकूड कोणाकोणाकडे आहे गं अजून?"

ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. तिनं आईच्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज उतरवून म्हणाली, "वन्सं, जितं माणूस घरात हाय. असं इचारत्यात व्हय?"

"माहीत असायला हवं म्हणून म्हटलं."

"आसंल की समद्यांकडं. आपल्याकडं हाय ना?"

नंतर कळलं की गावातल्या प्रत्येक घराचा हिशोब हाच होता. आपल्याकडे नाही, पण बाकीच्यांकडे असेल. आणि खात्री करून घेण्याची सोय नव्हती, कारण आई जिवंत होती.

ती श्रावणात, रविवारी सकाळी गेली. पाऊस आदल्या दिवसापासून थांबला नव्हता. शेवटी तिनं पाणी मागितलं, मी चमच्यानं पाजलं, अर्धं गालावरून ओघळलं. मी पदरानं पुसलं आणि वर पाहिलं तेव्हा ती गेलेली होती. जवळ मी आणि चुलतभाऊ होतो.

माणसं जमायला वेळ लागला नाही. पुरुष पडवीत, बायका आत. आबा छत्री मिटून खुर्चीवर बसले. आता नियमाप्रमाणे लाकूड बाहेर यायला हवं होतं. चुलतभावानं एकाचा छोटा टेम्पो दारोदार पाठवला. तो गावाला वळसा घालून परत आला तेव्हा त्यात गोवऱ्यांचं एक पोतं, शाळेतल्यासारखा मोडका बाक, रंग दिलेली एक खिडकीची चौकट आणि ओली फळकुटं होती. टेम्पोबरोबर गेलेली माणसं खाली मान घालून उतरली.

"आमचं व्हतं," त्यातला एक जण म्हणाला. "म्हातारीनं ठिवल्यालं. स्लॅब टाकला तवा सेंट्रिंगवाल्यांनी चहाला जाळलं. मला नंतर कळलं."

दुसरा म्हणाला, "मला वाटलं वरच्या आळीत आसंल."

"आन् आमी म्हनत व्हतो, खालच्या आळीत हाय," वरच्या आळीतला म्हणाला.

कोणी कोणावर ओरडलं नाही. आबा एकदा एकाकडे, एकदा दुसऱ्याकडे बघत होते. त्यांच्या घराचाही स्लॅबच आहे.

चुलतभावानं कामशेतच्या वखारीला फोन केला. लाकूड होतं, गाडी भरली, निघाली. पण रविवार होता आणि पाऊस होता. पर्यटकांच्या गाड्या जुन्या हायवेपासून रेल्वे फाटकापर्यंत अडकल्या होत्या. गाडीवाला फोनवर सांगत होता, मागे-पुढे हलता येत नाही, पोरं रस्त्यावर उतरून नाचतायत. त्याच्या फोनमधून गाणी ऐकू येत होती. दुपार उलटायला आली. आईला अंघोळ घालून, नवं लुगडं नेसवून ओट्यावर ठेवलं होतं. पावसाचे थेंब उडून तिच्या पायांवर येत होते आणि आम्ही ते पुसत होतो.

मग ज्याच्या माळ्यावर तंबू होते तो मुलगा पुढे आला. म्हणाला, नदीपलीकडच्या कॅम्पवर कोरडं लाकूड आहे. शेकोटीचं. प्लॅस्टिकमध्ये बांधलेलं असतं. त्यानं नंबर लावून फोन चुलतभावाच्या हातात दिला. स्पीकर चालू होता.

पलीकडे कोणी तरुण होता. "बोला सर. किती बंडल देऊ? ग्रुप केवढा आहे?"

"येकच मानूस हाय," चुलतभाऊ म्हणाला.

"एकाला दोन बंडल बास होतील, सर. रात्रभर पुरतात."

"न्हाई पुरायची. गाडी भरून दे."

"गाडी भरून? मोठा प्रोग्रॅम आहे का?"

"मयत हाय."

पलीकडे वाजणारं गाणं त्यानं बंद केल्याचं ऐकू आलं. "सॉरी, दादा," तो म्हणाला. "पाठवतो. लगेच पाठवतो."

त्यानं पाठवलं. बंडलांवर पारदर्शक प्लॅस्टिक होतं आणि प्रत्येक बंडलाला काडेपेटी चिकटवलेली होती. पुरुषांनी त्या काडेपेट्या काढून टाकण्यात बराच वेळ घालवला.

आमच्याकडे बायका नदीवर जात नाहीत. मी एकुलती एक, मी वेशीपर्यंत गेले. तिथे विसाव्याला तिरडी खाली ठेवतात, खांदे बदलतात. तिथून पुढे ते आईला बंगल्यांच्या भिंतीच्या कडेनं घेऊन गेले. पूर्वी तिथून खाचराच्या बांधावरून जात. एका बंगल्याच्या व्हरांड्यात काही माणसं ग्लास घेऊन उभी होती. तिरडी पाहून ती आत गेली. मी घरी परतले.

घरात आम्ही बायका होतो. आई जिथे गेली तिथे पीठ पसरून दिवा लावला होता. शेजारच्या घरातली सूनही आली होती, सावरीवाल्यांची. म्हातारी जाऊन बरीच वर्षं झाली. सून दाराशी बसली होती. संध्याकाळ व्हायच्या आधीच अंधारून आलं.

चुलतभाऊ पळत आला. भिजलेला, काळा झालेला. तो उंबऱ्याबाहेरच थांबला, कारण तो स्मशानातून आलेला होता.

"ताई, माळ्यावरचं दे."

मी उठून उभी राहिले.

"ते लाकूड बारीक हाय. भरारा जळून गेलं. वरनं पत्र्याची शेड हाय, पर वारं आडवं हाय, पानी समदं आत येतंय. डिझेल वतून झालं. काकीचं..." तो थांबला. "अर्धवट राह्यलंय, ताई. झाकलंय चादर घालून. जरा वजनदार लाकूड पायजे."

"वखारीची गाडी?"

"फाटकाच्या पलीकडंच हाय अजून."

चुलतभावाची बायको पुढे आली. "ते न्हाई काढायचं. ते गावाचं हाय. आपलं आपल्याला लावत न्हाईत. आबा काय म्हनले?"

"आबा काय म्हनतील? आबा तितं खाली बसल्यात. रडत्यात."

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. माझ्यासमोर दोनच गोष्टी होत्या. आईचा नियम मोडायचा, किंवा आईला अर्धवट सोडायचं. तिला विचारता आलं असतं तर ती काय म्हणाली असती, हे मला माहीत नव्हतं आणि आजही नाही. ती नियमाच्या बाजूनं बोलली असती, असं मला वाटतं.

मी चुलतभावाच्या बायकोला म्हटलं, "शिडी आण."

शिडी धरायला शेजारची सून उठली. मी वर चढले. पोती बाजूला केली. लाकूड कोरडं होतं, हाताला ऊब लागावी इतकं. मी ते ढकलत कडेला आणलं. खालून ती सून ते अंगावर घेत म्हणाली, "आमच्याकडं व्हतं हो, ताई. दोन वर्सांमागं पतूर व्हतं. ऐनाचंच. सासूबाईंनी बजावून ठिवलं व्हतं, शेजारच्या बाईला ऐनाचं द्यायचं म्हनून."

"मग?"

"दिलं तर लोक उचलून बघनार, वजन करनार, हसनार. सावरीवाल्यांनी काय आनलं म्हनून." तिनं ओंडक्याचं टोक खांद्यावर घेतलं. "यांनी इकून टाकलं. कॅम्पवाल्यांला."

चुलतभाऊ शेवटी उंबरा ओलांडून आत आला आणि त्यानं आणि तिनं मिळून ते दारापर्यंत आणलं. उंबऱ्याबाहेर त्याच्याबरोबर आलेल्या दुसऱ्या माणसानं तिच्याकडून घेतलं. ते दोघं पावसात धावत गेले. माझ्या हातांना माळ्यावरची धूळ होती आणि घरात सुतक होतं. मी तशीच बसून राहिले.

आईचं सरण तिच्याच लाकडानं पुरं झालं. चुलतभाऊ रात्री घरी आला तेव्हा म्हणाला, "झालं." त्यानं आणखी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. वखारीची गाडी फाटकावरून परत फिरली.

दुसऱ्या दिवशी लोणावळ्याहून माझ्या ओळखीच्या एका वार्ताहराचा फोन आला. निधनवार्ता द्यायची का, असं त्यानं विचारलं. मी त्याला वय, गाव, मागे कोण आहे ते सांगितलं. त्यानं ते छापलं. बातमीत शोकाकुल वातावरण होतं. ते काढायला मी तिथे नव्हते.

पुढच्या उन्हाळ्यात मी ऐनाचा एक ओंडका मिळवला आणि आईच्या माळ्यावर चढवला. चुलतभावाला गोठ्याच्या जागी पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढायच्या आहेत. तो म्हणाला, एवढा कोपरा राहू देतो, पण किती दिवस ते सांगत नाही. मी त्यावर वाद घातला नाही. मयताच्या दिवशी टेम्पोबरोबर फिरलेल्या माणसांपैकी काहींनी, आम्हीही यंदा ठेवणार, असं म्हटलं होतं. ठेवलं की नाही ते मला माहीत नाही.

या श्रावणात आबा अंथरुणाला लागले. मी त्यांना बघायला गावाला गेले. आधी घरी जाऊन शिडी लावली, माळ्यावर चढून लाकडाला हात लावून पाहिला. कोरडं होतं. खाली उतरून हात धुतले आणि आबांच्या घरी गेले.

ते खाटेवर कुशीला होते. खूप बारीक झाले होते. त्यांच्या सुनेनं मला प्लॅस्टिकची खुर्ची दिली. आबा माझ्याकडे बघत राहिले.

"केसात जळमाट हाय तुज्या," ते म्हणाले.

मी हात लावला. होतं. मी ते काढलं.

सून चहा टाकायला आत गेली. आबांनी ती गेल्याची खात्री करून घेतली आणि आवाज बारीक केला. "ऐनाचं हाय का?"

हे विचारायचं नसतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी त्या संध्याकाळी नदीवर जे पाहिलं होतं ते मी पाहिलेलं नाही.

"ऐनाचंच आहे, आबा."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली. बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता. मग डोळे न उघडताच ते म्हणाले, "आन् बाकीच्यांकडं?"

ते मला सांगता येत नव्हतं. मी कोणालाच विचारलेलं नव्हतं.